मंडळीची मदत-सेवा: लोक वारंवार विचारतात ते प्रश्न

रविवारी उपासना सुटली की व्हरांड्यात चपला शोधता शोधता लोक मला तेच तेच विचारतात, आणि मी पण दर वेळी अर्धवट उत्तर देते कारण तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारतं. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, ताई एकदाचं लिहूनच काढा. म्हणून हे. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च आणि त्यातली माणसं, नगर जिल्ह्यातली, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणातली, फार मोठी नाही. मदत कमिटीत आम्ही सात जण आहोत. त्यातल्या दोघांचे गुडघे गेलेत.

ही तुमची एनजीओ आहे का?

नाही. चर्चचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, मदत-सेवा त्यातलंच एक काम. वेगळं ऑफिस नाही, पगारी माणूस नाही. एक लोखंडी कपाट आहे, एक लांब वही आहे, आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे ज्यावर कामाच्या मेसेजपेक्षा गुड मॉर्निंगची फुलं जास्त येतात.

दान, दया, करुणा हे सगळं एकच ना?

एकच समजून चाललं तरी बिघडत नाही, पण मला आपल्या मराठी बायबलमधला "कळवळा" हा शब्द सगळ्यात जवळचा वाटतो. लोकांचे घोळके बघून येशूला त्यांचा कळवळा आला असं मत्तयाच्या ९व्या अध्यायात आहे. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलाय म्हणे, म्हणजे आपण "पोटात कालवलं" म्हणतो ना तसंच काहीतरी. तुकोबांकडेही हाच कळवळा आहे, म्हणून तो इथल्या कानाला परका लागत नाही. आता दान काय, घरबसल्या करता येतं, फोनवरून दोन मिनिटांत पैसे जातात. कळवळ्याचं तसं नाही, तो उठवून चालायला लावतो. येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या एका वाटसरूची, गोष्ट बघा, तो रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाजवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर बघितलं आणि मग दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढले. दिनार म्हणजे तेव्हाची मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे पैसे आले ते सगळ्यात शेवटी, आणि ते पण फार नाहीत, आणि जाताना "जास्त लागले तर परत येताना देतो" म्हणाला, म्हणजे परत यायचं त्याने ठरवलेलंच होतं.

धान्याचे किट का बंद केले? लॉकडाऊनमध्ये तर किती वाटलेत.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, थोडा रागानेच येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०२० मध्ये वाटले ते बरोबरच होतं, कामं बंद होती, लोकांना धान्य हवं होतं. पण मग ती सवयच लागली. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा पावडर, साबण, सगळं एका पिशवीत, सगळ्यांना सारखं, नाताळात एकदा आणि पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, एकदा. वाटायला सोपं, मोजायला सोपं, वार्षिक सभेत सांगायला तर फारच सोपं. एकदा मी एका आज्जीकडे पिशवी घेऊन गेले. ती एकटीच राहते, मुलगा तिकडे सुरतला. तिने पिशवी घेतली, प्रार्थना केली, आणि फडताळात आधीच्या पिशवीशेजारी ठेवली. आधीची तशीच होती हो! गाठ पण सोडलेली नव्हती. विचारलं तर म्हणाली, अगं सिलिंडर संपून महिना झाला, डाळ शिजवू कशावर. शेजारीण दोन भाकऱ्या देत होती त्यावर चाललं होतं.

मग जरा बसले, तेव्हा कळलं की तिची पेन्शन बँकेत साठलेली होती. निराधारचे पैसे येत होते, पण काढता येत नव्हते, कारण मशीनवर तिचा अंगठाच उठत नव्हता. आयुष्यभर भांडी घासून आणि खुरपून रेषा गेलेल्या. दोनदा रिक्षाचे पैसे घालवून परत आली होती, मग जायचंच सोडलं. आमच्यातली एक ताई तिला घेऊन बँकेत गेली, अर्धा दिवस गेला, मॅनेजर भला होता, दुसरं बोट लावून बघा म्हणाला, मधलं बोट चाललं. बस. खर्च किती तर जायचं-यायचं रिक्षाभाडं. आम्ही तिला दोन वर्षं डाळ देत होतो.

तेव्हापासून नियम केला, आधी जायचं, बसायचं, विचारायचं. धान्य लागतंय तर धान्य देतोच, कुणी असं समजू नये की बंद म्हणजे बंद.

मदत फक्त ख्रिस्ती लोकांना मिळते का?

नाही. मंडळीतली माणसं आम्हाला माहीत असतात म्हणून त्यांच्यापर्यंत आधी पोचतो एवढंच. वहीत नावासमोर गल्ली लिहितो, धर्म लिहीत नाही, तो रकानाच नाही.

आता मंडळीच्या आतली गोष्ट. आपल्यातच आपला-परका होतो. हे आजचं नाही, बायबलच्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात, ६व्या अध्यायात, पहिल्याच मंडळीत भांडण झालं ते यावरूनच, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय अशी कुरकुर होती. मग सात माणसं निवडली, स्तेफन, फिलिप्प वगैरे. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत! म्हणजे कुरकुर ज्यांची होती, बहुतेक त्यांच्यातूनच माणसं घेऊन वाटप त्यांच्या हातात दिलेलं दिसतं. मला हे फार भारी वाटतं. आमच्या कमिटीत म्हणून एक जागा अशा माणसाची ठेवलीय ज्याने स्वतः कधीतरी मंडळीची मदत घेतलीय. कोण ते सांगणार नाही.

खरं सांगा, मदतीच्या नावाखाली धर्मांतर करता ना?

विचारणाऱ्याचा राग येत नाही, कारण प्रश्नाला इतिहास आहे. दुष्काळात मिशनच्या दारात आलेली माणसं भुकेने आली की श्रद्धेने, हा वाद आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षं चाललाय. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं शारदासदन, विधवांसाठीची शाळा, १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला गेलं, आणि १८९३ मध्ये तिथल्या मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतोय म्हणून "केसरी"ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बाई म्हणत होत्या, मी सक्ती करत नाही पण माझी प्रार्थना दार लावून करणार नाही. दोन्ही बाजूंना काहीतरी म्हणणं होतं. पण त्याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, रस्त्यावर पडलेल्या शेकडो बायकामुलींना घेऊन आल्या, केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती मिशन उभं राहिलं. त्यांचे स्वतःचे आईवडील १८७० च्या दशकात उपासमारीनेच गेले होते. भूक म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

आमचं आजचं उत्तर सरळ आहे. मदतीला अट नाही. उपासनेला या असं मदत देताना म्हणायचं नाही, पत्रक द्यायचं नाही, प्रार्थना करू का असं विचारायचं आणि नको म्हटलं तर नको. कुणी पुढे स्वतःहून चर्चमध्ये आलं तर त्यांचं स्वागत, पण त्यांचं वहीतलं पान त्याआधी जसं होतं तसंच राहतं, ना वाढत ना कमी होत. भाकरीच्या बदल्यात मिळालेला विश्वास भाकरी संपली की संपतो, हे आमच्याच जुन्या लोकांनी पाहिलंय.

पैसे येतात कुठून?

प्रभुभोजनाच्या रविवारी दुसरी थैली फिरते ती पुअर फंडाची. शिवाय सुगीच्या सणाला जो लिलाव होतो त्यातला वाटा. लिलाव ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, लोक शेतातलं, परसातलं काहीबाही आणतात, भोपळा, ज्वारी, कोंबडा, लोणच्याची बरणी, आणि उपासनेनंतर बोली लागते. गेल्या वेळी एक दुधी भोपळा तीनदा विकला गेला, कारण घेणारा प्रत्येक जण "परत लावा" म्हणत होता. बोली लावायला जो माणूस उभा राहतो त्याच्या विनोदांवर फंड किती जमतो ते ठरतं, खोटं नाही सांगत.

मिझोराममधली एक रीत मला फार आवडते, तिथल्या चर्चमधल्या बायका शंभराहून जास्त वर्षं प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढतात आणि ते गोळा करून चर्चचं केवढं तरी काम चालतं. आम्ही इथे प्रयत्न केला, तीन महिने चाललं, मग तांदळात किडे झाले.

८०जी ची पावती मिळेल का?

नाही. एका धर्मसमाजासाठी असलेल्या धार्मिक ट्रस्टला ८०जी लागू होत नाही, आपला ट्रस्ट त्यातच येतो. साधी पावती मिळेल. टॅक्स वाचवायचा असेल तर ८०जी असलेल्या एखाद्या सेवाभावी संस्थेला द्या, तिथेही २००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर सवलत मिळत नाही, चेकने किंवा ऑनलाइन द्या.

माझा भाऊ अमेरिकेत आहे, त्याने पाठवले तर?

त्याचं नागरिकत्व अजून भारताचं असेल आणि तो नेहमीच्या बँक मार्गाने स्वतःच्या पगारातून पाठवत असेल तर गोष्ट वेगळी. तिकडचा नागरिक झाला असेल किंवा तिकडच्या चर्चकडून पैसे येणार असतील तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन, लागतं. आपल्याकडे ते रजिस्ट्रेशन नाही, त्यामुळे घेत नाही. "माझ्या खात्यावर मागवतो, मग तुम्हाला देतो" हे तर अजिबातच नको.

पैशात घोळ होत नाही कशावरून?

होऊ शकतो, म्हणूनच थैली दोघं मोजतात, वहीवर दोघांच्या सह्या, आणि ते दोघं नवरा-बायको नसतात. एकदा एका वडीलधाऱ्या गृहस्थांना याचं वाईट वाटलं, म्हणाले चाळीस वर्षं मंडळीत आहे, माझ्यावर विश्वास नाही? त्यांना करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा ८वा अध्याय वाचून दाखवला. येशूचा प्रेषित पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतोय आणि पैसे न्यायला एकटा जात नाही, बरोबर माणसं देतो, आणि कारणही सांगतो की एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी आम्हाला दोष लावू नये. पौलाला जर सही लागत होती तर आपण कोण. ते हसले. दुसऱ्या रविवारी पेन स्वतःचं घेऊन आले.

रोख का देत नाही? त्यांना काय हवं ते त्यांना कळत नाही का?

कळतं. आणि खरं सांगू, कमिटीत यावर अजून वाद आहे. मी रोख द्यावं या बाजूची आहे. फीचे पैसे शाळेत आपण भरतो, औषधं मेडिकलमधून आपण आणून देतो, यात हिशेब नीट राहतो पण समोरच्याला लहान मूल केल्यासारखं होतं. सध्या तडजोड अशी की छोटी रक्कम रोख, मोठी रक्कम थेट जिथे भरायची तिथे.

दारू पिणाऱ्याच्या घरात मदत का करायची?

कारण त्या घरात बाई असते आणि पोरं असतात. फी आणि दूध थेट पोचवतो. माणसाशी पण बोलतो, एए च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला न्यायला आमच्यातले एक काका तयार असतात, ते स्वतः सतरा वर्षं सुटलेले आहेत. कधी येतो, कधी नाही येत.

कुणी खोटं बोलून मदत नेली तर?

नेतात. आमचीही फसवणूक झालीय, एकाच ऑपरेशनचे कागद दोन मंडळ्यांना दाखवून. वाईट वाटलं, आता शेजारच्या मंडळीला फोन करून विचारतो. पण एक बघा, शंभर जणांची चौकशी पोलिसासारखी करायची कारण दोघं खोटारडे, तर उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणांनी अपमान का गिळायचा? आणि लोक "काम करणार नाही तो खाणारही नाही" हे वचन माझ्या तोंडावर फेकतात. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात ते आहे, बरोबर आहे, पण नीट वाचा, काम करायची *इच्छा* नसलेल्यांबद्दल आहे. काम मिळत नाही, पाठ मोडलीय, मूल मतिमंद आहे म्हणून घर सोडता येत नाही, त्यांच्याबद्दल नाही.

दवाखान्याचं मोठं बिल आलंय, चर्च भरेल का?

पूर्ण नाही भरू शकत, एका आयसीयूच्या बिलात आमचं वर्षाचं बजेट जातं. पण कृपा करून ॲडमिट करण्याआधी फोन करा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. कारण मार्ग असतात आणि ते बहुतेक सुरुवातीलाच धरावे लागतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो आजार आणि तो दवाखाना बसतो का ते आधी बघायचं. दुसरं, धर्मादाय रुग्णालयं. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए. चकाचक इमारत आणि खाली कॉफी शॉप बघून वाटत नाही, पण अशी बरीच हॉस्पिटलं धर्मादाय आहेत. तिथे समाजसेवा विभाग असतो, रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार घेऊन तिथे जायचं. गरीब माणूस एकटा गेला की काउंटरवरून त्याला परत पाठवतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये "ती योजना इथे नाही" असं सांगितलं आणि सांगणारीच्या मागच्या भिंतीवर योजनेचा बोर्ड होता. बरोबर इस्त्रीचा शर्ट घातलेला, बोर्ड वाचून दाखवणारा कुणी असला की भाषा बदलते. हे लाजिरवाणं आहे पण आहे. म्हणून आमच्या मदतीत सगळ्यात महाग चीज म्हणजे मंडळीतले एक रिटायर्ड क्लार्क काका आणि त्यांची फाइल.

आपणच एक हॉस्पिटल का काढत नाही? मिशनने नाही का काढली?

काढली, आणि काय काढली. मिरजेला डॉ. वॉनलेस यांचं १८९४ पासून. पण मला आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड जास्त शिकवतं. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून शिकलेले, श्रद्धावान, १९७० मध्ये जामखेडला आले. तेव्हा तिथे दुष्काळी भाग, रस्ते नाहीत. त्यांनी गावोगावच्या बायकांना, बऱ्याच तर निरक्षर आणि दलित वस्तीतल्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, जुलाब, पोरांचं वजन, कुष्ठरोगाचा डाग ओळखणं हे सगळं त्या बायका करायला लागल्या. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. गोष्ट अशी की रोग दवाखान्यात येईपर्यंत थांबायचंच नाही, आणि ज्या बाईला गावात कुणी बस म्हणत नव्हतं तिच्याच हातात गावाची तब्येत द्यायची. माझ्या मते डॉक्टरीइतकंच मोठं काम ते दुसरं आहे. कोनशिला बसवायचा उत्साह आपल्यात फार आहे, जामखेडसारखा धीर कमी.

जुने कपडे आणून देऊ का?

आधी विचारा. धुतलेले, बटणं असलेले, तुम्ही स्वतः उद्या घालू शकाल असे असतील तर आणा. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुराच्या वेळी आम्ही गोळा केलेल्या गाठोड्यांत काय निघालं तर एकाच पायाचा बूट, लग्नातला सफारी, आणि चेन तुटलेलं दप्तर ज्यावरचं नाव ब्लेडने खरवडलं होतं. ती गाठोडी निवडायला चार बायकांचे दोन दिवस गेले.

फोटो का टाकत नाही? लोकांना प्रेरणा मिळेल.

मिळत नाही, लाइक मिळतात. मत्तय ६ मध्ये उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये म्हटलंय, आपण तर तिसऱ्या हाताने सेल्फी काढतो. शाळेत जाणाऱ्या एका मुलीने मला सांगितलं होतं की वही घेतानाचा तिचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरला. ती पुढच्या वर्षी वह्या घ्यायला आली नाही. आम्ही तेव्हाच फोटो बंद केले.

सतत लोकांची दुःखं ऐकून तुम्ही थकत नाही?

थकतो. मागच्या पावसाळ्यात मी दोन महिने गेलेच नाही कुठे, फोन पण उचलला नाही. कुणी काही बोललं नाही, पाळकीणबाई एकदा पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि दीड तास स्वतःच्या सुनेबद्दल बोलून गेल्या. मग बरं वाटलं.

मलाच मदत हवीय, पण मंडळीत मागायला लाज वाटते.

समजतं. मंडळी छोटी, सगळे एकमेकांना ओळखतात, पुढच्या बाकावर बसणाऱ्याला तर जास्तच अवघड. पाळकसाहेबांना किंवा आमच्यातल्या कुणाही एकाला सांगा, सातही जणांना कळायलाच हवं असं नाही. वहीत नाव न लिहिता नुसता आकडा लिहायची सोय आहे. आणि अशी किती पानं आहेत हे कळलं तर तुम्हाला जरा हलकं वाटेल.

मला कमिटीबरोबर यायचंय, काय आणू?

काही नका आणू. पहिल्या दोन-तीन भेटी रिकाम्या हातानेच करा, अवघड जातं पण करा. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर मागच्या व्हरांड्यातून निघतो, दोघं-दोघं जातो, येशूनेही शिष्यांना दोघं-दोघंच पाठवलं होतं. चपला सोप्या घाला, दर घरी काढाव्या लागतात. फोन खिशात. आणि त्या अंगठ्याच्या आज्जीकडे गेलात तर चहाला नाही म्हणू नका. साखर ती शेजारणीकडून आणते, वाटी पदराखाली धरून, तेवढं तुम्हाला दिसलं तरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा.